एकाच पानावर अनेक हात : विकी आणि एकत्र लेखनाचा इतिहास

विकी हा शब्द आता घरोघरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. शाळेचा प्रकल्प पूर्ण करायचा असला की मुले आधी विकिपीडिया उघडतात. मात्र हा शब्द इंग्रजी नाही हे फार थोड्यांना माहीत असते. तो हवाई बेटांवरच्या मूळ भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'लवकर', 'भरभर' असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत प्रवाशांना नेणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणत. वॉर्ड कनिंगहॅम नावाचे अमेरिकन संगणकतज्ज्ञ तिथे उतरले तेव्हा विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने त्यांना ही बस घ्यायला सांगितले आणि तो शब्द त्यांच्या डोक्यात राहिला. पुढे २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी इंटरनेटवर एक नवीच जागा उघडली. तिचे नाव त्यांनी 'विकीविकीवेब' ठेवले.

त्या काळी इंटरनेटवरचे पान म्हणजे भिंतीवर लावलेली सूचना. वाचायची आणि पुढे जायचे. तिच्यात चूक दिसली तरी ज्याने लावली त्यालाच ती दुरुस्त करता यायची. कनिंगहॅम यांनी प्रत्येक पानाखाली 'हे पान बदला' असा दुवा ठेवला. येणाऱ्या कुणालाही तो दाबता येई, मजकूर बदलता येई आणि नव्या पानाला जोडही देता येई. कोणी नासधूस करील ही भीती त्यांना अनेकांनी घातली असणार, पण अनुभव उलट आला. सुधारणारे हात बिघडवणाऱ्या हातांपेक्षा जास्त निघाले.

१५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला, तो याच कल्पनेवर. त्याआधी त्यांचा 'न्यूपीडिया' नावाचा ज्ञानकोश होता. त्यात तज्ज्ञांनी लिहायचे, तज्ज्ञांनी तपासायचे आणि अनेक टप्प्यांतून लेख पुढे सरकायचा. तो फारच हळू चालला. विकीची रीत घेतल्यावर लेखांचा ओघ सुरू झाला. सुरुवातीला त्यांनी 'यूजमॉडविकी' ही प्रणाली वापरली. २००२ च्या आरंभी माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली प्रणाली आली, त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा नव्याने लिहिली आणि २००३ मध्ये तिला 'मीडियाविकी' हे नाव मिळाले. आपला मराठी विकिपीडियाही त्याच वर्षी, १ मे २००३ रोजी, सुरू झाला. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त धरून. ज्ञानकोशकार केतकरांनी मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणून किती खटाटोप केला हे आठवले, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून रात्री दोन परिच्छेद लिहिणाऱ्या माणसांकडून असे काही उभे राहते याचे नवल वाटते.

मीडियाविकी मुक्तस्रोत आहे. म्हणजे प्रणाली ज्या आज्ञावलीवर चालते ती सर्वांना वाचायला खुली आहे, तिची प्रत घेता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देताही येते. हा मुद्दा नुसता फुकट मिळण्याचा नाही. त्याकडे पुढे वळूच.

विकीचे नाव 'भरभर' असले तरी तिला एक गोष्ट जमत नव्हती. दोन माणसांनी एकाच वेळी एकच पान उघडले तर काय करायचे? समजा, सकाळी दहाला एकाने पान उघडले आणि दहा वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्याने. दोघेही लिहीत बसले. ज्याने आधी जतन केले त्याचे लिखाण पानावर गेले. दुसऱ्याने जतन करायला घेतले की मीडियाविकी त्याला थांबवते आणि सांगते, तुम्ही लिहीत असताना हे पान दुसऱ्याने बदलले आहे, आता दोन्ही मजकूर बघून तुम्हीच जुळवा. बदल वेगवेगळ्या ओळींत असतील तर ती स्वतःच जुळवून घेते. एकाच ओळीत असले की काम माणसावर येते. 'डोकूविकी' ही २००४ ची आणखी एक चांगली मुक्तस्रोत विकी आहे. तिने सरळ मार्ग काढला. एक जण पान लिहायला घेतो तेव्हा ते इतरांसाठी कुलूपबंद होते. पंधरा मिनिटे काही हालचाल दिसली नाही तर कुलूप आपोआप निघते.

मी शासकीय नोकरीत असल्यामुळे ही अडचण मला फार ओळखीची वाटते. आमच्याकडे नस्ती एका वेळी एकाच टेबलावर असते. ती ज्याच्याकडे आहे तो रजेवर गेला की बाकीच्यांनी वाट बघायची. त्या रीतीचा फायदाही आहे, कोणत्या पानावर कोणी काय शेरा मारला हे कायम कळते. पण चार जणांना मिळून एक टिपण तयार करायचे असेल तर नस्ती फिरवण्यातच आठवडा जातो.

एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे ही कल्पना मात्र विकीपेक्षा बरीच जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक दाखवले. समोर जवळपास हजार माणसे होती. आज आपण ज्याला माउस म्हणतो तो लोकांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. इतिहासात त्या माउसचीच चर्चा जास्त झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच होता. एंगेलबार्ट यांचे सहकारी बिल पॅक्स्टन काही मैलांवरच्या मेन्लो पार्कमध्ये प्रयोगशाळेत बसले होते. त्यांचा चेहरा पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसत होता आणि तोच मजकूर दोघांच्याही समोर होता. दोघे एकमेकांशी बोलत त्या एकाच मजकुरावर बोट ठेवत होते. आज व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलणाऱ्या आजीला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या साली आपल्याकडे बहुतेक घरांत साधा टेलिफोनही नव्हता, हे लक्षात घ्या.

त्यानंतर वीस वर्षे ही कल्पना प्रयोगशाळांतच राहिली. तिचा खरा पेच गणिताचा होता आणि तो सोडवणाऱ्यांत क्लॅरेन्स एलिस हे नाव फार महत्त्वाचे आहे. एलिस हे शिकागोचे. घरची परिस्थिती बेताची. पंधराव्या वर्षी त्यांनी एका कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम धरले. कंपनीने नवा संगणक घेतला होता, त्याच्याजवळ कोणी जाऊ नये हे बघायचे आणि स्वतःही त्याला हात लावायचा नाही, असे ते काम. रात्री वेळ घालवायला त्यांनी त्या यंत्राची माहितीपुस्तके वाचून काढली. एकदा कंपनीवर निकडीचा प्रसंग आला तेव्हा ते यंत्र चालवायचे ज्ञान या पोरालाच होते. १९६९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्रात पीएचडी घेतली. अमेरिकेत ती पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९८९ मध्ये त्यांनी सायमन गिब्ज यांच्याबरोबर 'ग्रोव्ह' नावाच्या सहलेखन प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. टेक्सासमधल्या ऑस्टिनला हे काम झाले.

पेच काय होता तो आपल्या भाषेतच सांगतो. समजा, पानावर एक वाक्य आहे : 'मंडळाची सभा रविवारी आहे.' अध्यक्षांनी घरून पहिल्या शब्दानंतर 'वार्षिक' हा शब्द घातला. त्याच क्षणी चिटणीसांनी त्यांच्या घरून तिसरा शब्द 'रविवारी' काढून 'शनिवारी' केला. दोघांचे बदल एकमेकांकडे पोचायला थोडा वेळ लागतो. अध्यक्षांच्या संगणकावर चिटणीसांचा निरोप येतो, 'तिसरा शब्द बदलून शनिवारी करा.' पण अध्यक्षांच्या पानावर आता तिसरा शब्द 'सभा' आहे! संगणक आज्ञाधारकपणे तोच बदलतो आणि वाक्य होते, 'मंडळाची वार्षिक शनिवारी रविवारी आहे.' चिटणीसांच्या पडद्यावर मात्र वाक्य बरोबर आहे. म्हणजे दोघांसमोर दोन वेगळी पाने, आणि दोघांनाही वाटते की आपण एकच पान पाहतो आहोत.

एलिस आणि गिब्ज यांनी यावर उपाय सांगितला तो असा. आलेली आज्ञा तशीच पाळायची नाही. ती निघाली तेव्हा पान कसे होते आणि मध्यंतरी त्यात काय बदलले ते बघून आज्ञाच दुरुस्त करून घ्यायची. आधी एक शब्द वाढला आहे, म्हणून 'तिसरा' ऐवजी 'चौथा' समजायचे. प्रत्यक्षात यंत्र शब्द नव्हे तर अक्षरे मोजते आणि दोनऐवजी वीस माणसे असली की हिशेब फार किचकट होतो, पण तत्त्व एवढेच. यातल्या बारीक चुका शोधण्यात पुढे कित्येक संशोधकांची वर्षे गेली.

सामान्य माणसाच्या हातात ही सोय पडायला एकविसावे शतक उजाडले. २००६ मध्ये गूगलने 'रायटली' हे साधन बनवणारी छोटी कंपनी घेतली आणि तिच्यातून आजचे गूगल डॉक्स घडले. पण मला अधिक उद्बोधक वाटते ती 'एथरपॅड'ची कथा, कारण आपण कशावर विसंबायचे आणि कशावर नाही हे तिच्यातून नेमके कळते.

एथरपॅड नोव्हेंबर २००८ मध्ये 'अ‍ॅपजेट' या लहानशा कंपनीने सुरू केले. तिचे संस्थापक आधी गूगलमध्ये काम केलेले. एक कोरे पान उघडायचे, त्याचा पत्ता मित्रांना पाठवायचा आणि सगळ्यांनी एकदम लिहायला लागायचे. कोणतीही नोंदणी नाही. प्रत्येकाच्या अक्षरांमागे वेगळा रंग, त्यामुळे कोणी काय लिहिले ते रंगावरून कळे. एक पट्टी होती, ती सरकवली की पहिल्या अक्षरापासून लेख कसा वाढत गेला ते चित्रपटासारखे बघता येई. शिक्षक, पत्रकार, कार्यकर्ते असे अनेक जण त्यावर काम करू लागले.

मग ४ डिसेंबर २००९ रोजी बातमी आली की गूगलने अ‍ॅपजेट विकत घेतली आहे. त्याबरोबर सूचना होती. नवी पाने उघडता येणार नाहीत आणि जुनी पाने ३१ मार्च २०१० नंतर मिळणार नाहीत. म्हणजे वर्षभर ज्यांनी त्या जागेवर भरवसा ठेवून लिहिले त्यांना सांगितले गेले की चार महिन्यांत आपापले सामान घेऊन निघा. लोक संतापले. एवढी ओरड झाली की कंपनीने लगेच निर्णय फिरवला. सेवा काही काळ चालू राहील आणि संपूर्ण आज्ञावली खुली केली जाईल, असे जाहीर झाले. १७ डिसेंबर २००९ रोजी ती खरोखरच मुक्त परवान्याखाली बाहेर आली. मूळ संकेतस्थळ मे २०१० मध्ये बंद पडले, पण तोवर ठिकठिकाणच्या लोकांनी स्वतःच्या सर्व्हरवर एथरपॅड उभे केले होते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेनेही पुढे स्वतःचे एथरपॅड चालवले आणि आपल्या बैठकांची टिपणे त्यावर ठेवली. मूळ आज्ञावली फार अवजड होती, म्हणून स्वयंसेवकांनी २०११ मध्ये ती हलकी करून पुन्हा लिहिली. आज एथरपॅड म्हणून चालते ती हीच नवी आवृत्ती.

त्याच सुमारास गूगलचे दुसरे एक सहलेखनाचे साधन आले, 'गूगल वेव्ह'. मे २००९ मध्ये मोठ्या समारंभात ते दाखवले गेले. गूगल नकाशांमागचे रासमुसेन बंधू त्याच्या मुळाशी होते. पत्र, गप्पा, दस्तऐवज सगळे एकातच. लोकांना ते नेमके कशासाठी आहे हेच कळले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्याचे काम थांबवण्याचे जाहीर झाले. त्याचीही आज्ञावली खुली करून अपाची या संस्थेकडे दिली गेली, पण तिथे काम करणारी माणसे टिकली नाहीत आणि २०१८ च्या सुरुवातीला ती गुंडाळली गेली. आज्ञावली दोघांचीही खुली होती. एथरपॅडला वापरणारे होते, म्हणून ते जगले. वेव्हला ते मिळाले नाहीत. तेव्हा 'मुक्तस्रोत आहे ना, मग चिंता नको' असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरणही पाहावे.

इथे आपल्यातल्या चाळिशीपन्नाशीच्या वाचकांना ऑर्कुट आठवेल. आपल्या शाळेच्या, गावाच्या, आडनावाच्या किती चावड्या तिथे भरायच्या! बाहेरगावी गेलेली नातलग मंडळी तिथेच पुन्हा भेटली. कोणी पणजोबांची हकीकत लिहिली, कोणी वाड्याचा जुना फोटो टाकला, खाली आठ जणांनी त्यातल्या माणसांची नावे सांगितली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. फोटो अल्बममध्ये राहिले असतील, पण खाली लिहिलेली ती नावे फार थोड्यांनी उतरवून घेतली.

तर विकी आणि तत्काळ सहलेखन या दोन वेगळ्या वाटा होत्या. एथरपॅडवर सगळे एकदम लिहू शकत, पण ते एक सुटे पान होते. पानाला पान जोडलेले नाही, अनुक्रमणिका नाही, शोध नाही. शंभर पाने झाली की ती सुट्या चिठ्ठ्यांची पिशवी होते. विकीकडे ती सगळी शिस्त होती, पण एका वेळी एकच हात. दोन्ही एकत्र आणणे दिसते त्याहून अवघड होते, कारण विकीचा पायाच 'जतन करा' या बटणावर आहे. प्रत्येक जतन म्हणजे इतिहासातली एक नोंद, तिच्यापुढे लिहिणाऱ्याचे नाव. सतत बदलणाऱ्या पानाला असे टप्पे नसतात. पाच जण एकदम लिहीत असतील तर नोंद कोणाच्या नावावर करायची?

फ्रान्समधल्या 'एक्सविकी'ने हा सांधा जोडण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. ल्युदोविक द्यूबोस्त यांनी २००३-०४ च्या सुमारास हे काम सुरू केले. ही मुक्तस्रोत विकी आहे आणि मोठ्या कार्यालयांना लागणारे परवाने, तक्ते, नमुना-अर्ज असे बरेच काही तिच्यात आहे. तत्काळ सहलेखन तिच्यात आधी वेगळे जोडावे लागे, अलीकडे ते मुख्य प्रणालीतच आले आहे. याच लोकांनी 'क्रिप्टपॅड'ही केले. त्यात मजकूर लिहिणाऱ्याच्या संगणकावरच सांकेतिक होतो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही.

दरम्यान गणितातही नवा मार्ग निघाला होता. २००६ पासून आणि विशेषतः २०११ मध्ये फ्रान्स व पोर्तुगालच्या संशोधकांनी मांडलेली ही पद्धत समजायला सोपी आहे. एलिस यांच्या रीतीत अक्षराची ओळख म्हणजे त्याचा रांगेतला क्रमांक. रांग हलली की क्रमांक चुकतात. नव्या रीतीत प्रत्येक अक्षराला कायमचे स्वतःचे नाव मिळते आणि ते कोणाच्या शेजारी बसले एवढेच लक्षात ठेवले जाते. पंगतीत 'सातव्या पानावर वाढा' म्हटले तर मध्ये कोणी बसले की घोटाळा होतो. 'देशपांडे काकांच्या उजवीकडे वाढा' म्हटले की पंगत कितीही लांबली तरी चालते. देशपांडे काका उठून गेले तरी त्यांचे पान तिथे मांडलेले ठेवतात. खोडलेले अक्षर नाहीसे न करता तसेच अदृश्य ठेवावे लागते, म्हणजे शेजाऱ्यांचा पत्ता चुकत नाही. या रीतीचे 'वायजेएस' नावाचे मुक्तस्रोत साधन जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात केव्हिन यान्स यांनी विद्यार्थिदशेत सुरू केले. आजच्या बहुतेक नव्या सहलेखन विकी त्यावर किंवा तशाच एखाद्या साधनावर उभ्या आहेत.

हा सगळा इतिहास मी चाळला तो निव्वळ हौसेने नव्हे. आपल्या मंडळाने माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांच्या हकीकती एकत्र करायचे ठरवले आहे. कोणाचे पूर्वज होळकरांच्या लष्करात आले, कोणाचे दफ्तरात, कोणाचे पुजारी किंवा वैद्य म्हणून. कागद इंदूरला एका घरी, वंशावळ बडोद्याला चुलत घरी, आणि आठवणी पुण्याला लेकीकडे राहायला गेलेल्या ऐंशी वर्षांच्या आत्यांकडे. दोन वर्षे हे काम व्हॉट्सॲपवरून फाइली पाठवून चालले. 'घराणी अंतिम', 'घराणी अंतिम २', 'घराणी खरोखर अंतिम' अशा अकरा फाइली माझ्याकडेच आहेत आणि त्यातल्या कोणत्याही दोन एकसारख्या नाहीत. तेव्हा फोनवर बोलता बोलता आत्यांसमोरच पान भरले जाईल, आणि बडोद्याचे भाचे त्याच वेळी तारीख तपासून घालतील, अशी जागा हवी होती.

मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी शंका काढली, "अरे, दोघांनी एकदम लिहिलं तर शेवटी शाई कुणाची राहणार?" मी म्हटले, "काका, दोघांचीही राहते. तुम्ही कधी काय लिहिलं तेही मागे जाऊन बघता येतं." "म्हणजे खोडलेलंही दिसतं?" "दिसतं." यावर काका जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "मग बरं आहे. आमच्या भाऊबंदकीत ते लागणारच."

शोधताना दिसले की 'विकी' असे नाव घेणाऱ्या सगळ्या प्रणाली एका माळेच्या नाहीत. मीडियाविकी भक्कम आहे, पण एकदम लिहिण्याची सोय तिच्यात प्रयोगापुरतीच झाली, विकिपीडियावर रोजच्या वापरात आली नाही. 'बुकस्टॅक' दिसायला सुबक आणि वापरायला सोपी आहे, पण तत्काळ सहलेखन तिच्यात नाही. 'आउटलाइन' देखणी आहे आणि त्यात सगळे एकदम लिहू शकतात, पण तिचा परवाना पूर्ण मुक्त नाही. आज्ञावली वाचायला मिळते, वापरावर मात्र काही बंधने आहेत. मंडळाला ती बंधने आज अडणार नाहीत, तरी फरक समजून घ्यावा. 'डॉकमोस्ट' २०२४ मध्ये आलेली, अजून नवी आहे, घडी बसायला वेळ लागेल. एक्सविकी सर्व कसोट्यांवर उतरते, पण तिला संगणक दणकट लागतो आणि सांभाळायला जाणता माणूस. व्यापारी जगातली प्रसिद्ध 'कॉन्फ्लुअन्स' तर विचारात घ्यायचे कारणच नव्हते. २०१६ मध्ये तिच्यात सहलेखन आले, पण स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या तिच्या साध्या आवृत्तीचा आधार कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ पासून काढून घेतला.

माझा कल 'नेक्स्टक्लाउड'कडे झुकला. तिच्यात 'कलेक्टिव्ह्ज' नावाचा विकीचा भाग आहे आणि त्यात अनेक जण एकदम लिहू शकतात. तिचा इतिहासही बघण्यासारखा आहे. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये 'ओनक्लाउड' सुरू केले. पुढे त्याच नावाच्या कंपनीच्या धोरणांशी त्यांचे पटेनासे झाले, तेव्हा २०१६ मध्ये ते आणि त्यांचे बरेच सहकारी बाहेर पडले आणि त्याच आज्ञावलीची प्रत घेऊन नेक्स्टक्लाउड उभे केले. बंदिस्त प्रणालीत हे शक्यच नसते, तिथे बाहेर पडणाऱ्याला रिकाम्या हाताने जावे लागते. मला सर्वांत भावले ते हे की तिथली पाने साध्या मजकुराच्या फाइली म्हणून फोल्डरमध्ये पडलेली असतात. उद्या ही प्रणालीही बंद पडली तरी पेन ड्राइव्हवर घेतलेले फोल्डर कोणत्याही संगणकावर वाचता येईल.

आता आपल्या लिपीचे थोडे. देवनागरी संगणकात सुखरूप बसली ती युनिकोडमुळे. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातली देवनागरी आपल्या भारतीय 'इस्की' मानकाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. त्यात जोडाक्षर हे एक अक्षर नसते. 'क्ष' म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष असे तीन तुकडे. सहलेखनाचे यंत्र हे तुकडे मोजते. 'क्ष' मधला ष एकाने खोडला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तिथेच 'त' लिहिला, तर पडद्यावर 'क्त' उमटतो, जो दोघांनाही लिहायचा नव्हता. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, म्हणून प्रणाली लिहिणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. व्यवहारात इलाज साधा आहे, दोघांनी एकाच शब्दात हात घालू नये. दुसरी अडचण आपल्या जुन्या अंकांची आहे. छापखान्यात जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या फाइली उघडल्या तर विकीत रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. हे काम मुद्रितशोधनाची सवय असलेल्या निवृत्त शिक्षकांना सोपवले आहे, त्यांच्याइतके बारकाईने ते दुसरे कोणी करणार नाही.

मंडळाच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून ही जागा सुरू केली आहे. दर शनिवारी फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो, एक प्रत बडोद्याला जाते. आजवर चौदा घराण्यांची पाने झाली. एका पानावर दोन घरांत वाद आहे. मूळपुरुष घाटावरून थेट इंदूरला आले की आधी महेश्वरला राहिले, यावर दोघेही ठाम आहेत आणि कागद दोघांकडेही नाही. आधी एक जण लिही, दुसरा खोडी, असे आठ-दहा वेळा झाले. ते सगळे त्या पानाच्या इतिहासात तारीखवार दिसते. आता दोन्ही हकीकती एकाखाली एक ठेवल्या आहेत, प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचे नाव. महेश्वरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन जुन्या कागदांची चौकशी करायचे कबूल केले आहे.